मोकळी गाडी नाचते

जून लागला की जामसंड्यातल्या पिकअपांची उंची वाढते. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो, हौदे मोकळे होतात आणि मार्चपासून ओझ्याखाली दबलेले मागचे पाटे पुन्हा वर येतात. नाक खाली, मागचं अंग वर, अशा थाटात या गाड्या तळेबाजारच्या रस्त्याने खड्ड्याखड्ड्यावर उड्या मारत जातात. मग कुणी हौद्यात वाळूची पोती टाकतो, कुणी चिरे मांडतो. गाडी बसते आणि चालवणाऱ्याच्या कमरेचे हाल थांबतात. "मोकळी आसली का नाचता, भरली का गप बसता," हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरचं ठरलेलं वाक्य.

गाडीला भार घालून सरळ करण्याची ही विद्या पिकअपबरोबर आलेली नाही. बैलगाडीच्या काळात तिचा जमाखर्च बैलाच्या मानेवर मांडला जाई. ओझं आखाच्या मागे गेलं की गाडी उलाळ व्हायची: जू वर उचललं जायचं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला काचायच्या. ओझं फार पुढे आलं तर सगळा भार मानेवर. म्हणून जाणता गाडीवान बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून बघायचा आणि ते थोडंसंच जड लागेपर्यंत माल मागेपुढे सरकवायचा. त्याला वजनकाट्याची गरज नव्हती.

बंदरावरही तेच. मोकळं गलबत पाण्यावर उंच तरंगतं आणि वाऱ्याच्या जोराने कलतं, म्हणून तळाशी दगड-वाळूचं नीरम घालायचं. परतीला कौलांसारखा जड माल मिळाला तर उत्तमच, मग नीरमाचे दगड कशाला वाहायचे? मात्र भार नुसता असून भागत नाही, तो जागच्या जागी राहायला हवा. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट सावरली नाही. कोकणातल्या जुन्या माणसांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. हौद्यात सुटे चिरे टाकून घाट उतरणाऱ्या तरुण पोरांना मात्र सांगावी लागते.

रस्त्याचं युग आलं तसा देवगडचा आंबा बोटीवरून ट्रकवर गेला. मोठा ट्रक बागेपर्यंत पोचत नाही. कातळावरच्या कलमांपासून सड्याच्या रस्त्यापर्यंत माल आणायला लहान गाडी लागते. ती जागा आधी टेम्पोने आणि मॅटॅडोरने धरली. 1988 मध्ये टाटा मोबाइल आली, पुढे टाटाची 207. 2005 मध्ये छोटा हत्ती आला आणि ज्याच्याकडे चार कलमं होती तोही स्वतःची गाडी घेण्याचा विचार करू लागला. पण नांदगाव तिठ्यावरून हायवेला लागून रात्रीत वाशी गाठायची तर छोट्या हत्तीचा जीव छोटाच. तिथे महिंद्राच्या बोलेरो पिकअपने जम बसवला. आज हंगामात देवगड-नांदगाव रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलं की ताडपत्री ओढलेल्या पिकअपांची रांगच दिसते.

या गाडीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. दीड टन पासिंगच्या गाडीचे मागचे पाटे दीड टन पेलायला बनवलेले असतात. हौदा मोकळा असला की त्यांना करायला कामच उरत नाही, ते ताठ राहतात आणि चाक खड्ड्यातून वर आलं की अख्खं मागचं अंग उडवतात. त्यात पावसाळा आणि जांभ्या मातीचा राडा. मागची चाकं हलकी, आणि गाडी ढकलणारीही तीच. चढावर ती जागेवर फिरतात, उतारावर ब्रेक मारला की मागचं अंग बाजूला सरकतं. दीड-दोनशे किलो वाळूने यातलं बरंचसं आटोक्यात येतं. बर्फाच्या मुलखात, अमेरिकेत आणि कॅनडात, पिकअपवाले थंडीत अशीच वाळूची पोती वाहतात. गाडी अडकली तर तीच वाळू चाकाखाली टाकायलाही होते, हा वरचा फायदा.

पण ही पोती ठेवायची कुठे? इथे निम्मे लोक चुकतात, कारण फाळका उघडला की हाताशी येते ती हौद्याची मागची कड. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि तुम्ही 200 किलो वाळू मागच्या आखापासून एक मीटर मागे ठेवली. मागच्या चाकांवर 200 नव्हे, जवळजवळ 267 किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरचा 67 किलोने कमी होतो. म्हणजे गाडी उलाळ. स्टिअरिंग हलकं लागतं, आणि हलकं स्टिअरिंग काहींना आवडतंही! तीच वाळू आखाच्या अर्धा मीटर पुढे ठेवली तर मागे 167 आणि पुढे 33 अशी वाटणी होते. पोती तीच, पण गाडी शहाण्यासारखी वागते. गाडीवानाच्या हाताला हे गणित माहीत होतं.

गेल्या वीसेक वर्षांत एक उलटी खोड वाढली, आणि माझ्या मते ती वाळूच्या पोत्यांपेक्षा फार वाईट आहे. पाच डझनांची एक पेटी अंदाजे वीस किलो धरली तर दीड टनाला पंचाहत्तर पेट्या पुरतात. हौद्यात हे जेमतेम दोन-अडीच थर होतात. वर मोकळी जागा दिसते, भाडं पेटीमागे मिळतं, आणि हात शिवशिवतात. चार थर लावले की गाडी मागून बसते. मग पाटेवाल्याकडे जाऊन मागच्या पाट्यांत एक-दोन जादा पानं टाकायची. त्याने भरलेली गाडी सरळ दिसते. सरळ दिसते एवढंच. आख, टायर आणि ब्रेक होते तेवढेच राहतात.

ब्रेकचं तर त्याहून विचित्र होतं. अनेक पिकअपांच्या मागच्या आखाजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी हौदा आखापासून किती वर आहे हे बघून मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवते. हौदा वर असेल तर गाडी मोकळी, ब्रेक कमी; खाली बसलेला असेल तर गाडी भरलेली, ब्रेक पूर्ण. जादा पानांनी उचललेली गाडी दोन टन घेऊनही उंचच राहते. व्हॉल्व्हला ती मोकळी वाटते आणि कशेडीसारख्या उतारावर, नेमका हवा तेव्हा, मागचा ब्रेक कमी मिळतो. दांडी नव्याने जुळवून देणारा पाटेवाला शोधावाच लागतो. शिवाय हंगाम संपला की हीच जास्त ताठ झालेली गाडी आणखी नाचते, म्हणून आणखी पोती. आधी पानं वाढवायची आणि मग ती दाबायला वाळू घालायची, असा दुहेरी खर्च.

पानं न टाकता जास्त भरणाऱ्यांची गाडी उलट नाक वर करून पळते. तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर पडतात. अमेरिकेच्या दक्षिणेत पोरं हौसेने पिकअपचं नाक उचलून मागचं अंग खाली बसवत. समोरचा रस्ता दिसत नाही म्हणून नॉर्थ कॅरोलिनाने 2021 मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने 2023 मध्ये त्यावर बंदी आणली. ते जिच्यासाठी पैसे मोजत होते ती ठेवण आमच्याकडे एप्रिलमधल्या कुठल्याही रात्री हायवेवर फुकट बघायला मिळते.

कायदाही या काळात हलला. 2018 मध्ये केंद्राने अवजड गाड्यांच्या आखावरची भारमर्यादा वाढवली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खालचा जादा भाराचा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करायला कलम 52 आडवं येतं. उतरवता येणाऱ्या वाळूच्या पोत्यांनी बांधणी बदलत नाही. मात्र वाळू असो की आंबा, काट्यावर गाडी चढली की सगळं वजनच.

म्हणून पोती घालायची तर जाड विणीची, तोंड शिवलेली, आखाच्या किंचित पुढे, खाली फळी आणि वरून रस्सी आवळून. चिरे वापरूच नयेत. तीसेक किलोचा चिरा जोरात ब्रेक मारल्यावर केबिनच्या पाठीवर येऊन आदळतो. पावसात भिजलेली वाळू जड होते, हेही धरून चालायचं. आणि फेब्रुवारीत पहिली तोड निघण्याआधी ती आठवणीने उतरवायची. दोनशे किलो वाळू हौद्यात राहिली की पासिंगमधल्या दहा पेट्या गेल्या, आणि सुरुवातीच्या पेट्यांनाच तर भाव असतो.