तंजावर : उरकून टाकू नये असे शहर

रामेश्वरच्या यात्रेत तंजावर वाटेवर लागते. गाडी बृहदीश्वर मंदिरापाशी थांबते, दर्शन होते, फोटो निघतात आणि दोनेक तासांत मंडळी मदुरेच्या रस्त्याला लागतात. मराठी माणसाने तरी तंजावर असे उरकू नये. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास इथे राज्य मांडले आणि १८५५ पर्यंत भोसले घराणे या गादीवर होते. या काळात त्यांनी तमिळ मुलखातले संगीत, नृत्य आणि कारागिरी आपली मानली, पण मराठीही सोडली नाही. या शहरात जे पाहायचे, घ्यायचे आणि खायचे, त्यात ही देवाणघेवाण आजही सापडते.

सुरुवात अर्थात मोठ्या देवळापासून. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केले. ग्रॅनाइटचे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. मान खाली करून जोत्याकडे पाहिले, तर तिथे तमिळ लेखांच्या ओळीच ओळी दिसतात. देवाला वाहिलेले दागिने, गावोगावची दाने, सेवेसाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकी, सगळ्यांचा हिशेब दगडात लिहून ठेवलेला आहे. समोरचा अखंड पाषाणाचा नंदी नंतरच्या नायक राजांच्या काळातला. आणि प्राकाराच्या भिंतीवर आहे १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास. हा मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख मानला जातो. चोळांच्या भिंतीला धक्का न लावता तिच्याच आवारात आपली वंशकथा लिहिण्यात राजाचे सौजन्य आहे आणि अभिमानही.

दुपारी देऊळ बंद असते, तेव्हा राजवाडा गाठावा. तिथल्या कलादालनात तिरुवेंकाडूहून आलेली, १०११ सालची वृषवाहन शिवाची कांस्यमूर्ती आहे. शिवाने एक हात बैलावर टेकवला आहे; बैल काळाच्या ओघात नाहीसा झाला, तरी कोपराच्या सैल बाकावरून तो तिथे असल्याचा भास होतो. या मूर्तीपुढे निवांत उभे राहावे.

त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. संग्रहाची सुरुवात नायकांच्या काळातली, पण त्याला आजचे रूप दिले ते सरफोजीराजांनी. १७९९च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांनी आपले सारे बळ विद्येच्या मागे लावले. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टी तिथे मराठीत छापल्या गेल्या. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी त्यांनी ठेवून घेतल्या, त्या आजही जपलेल्या आहेत. त्यांच्या आधीचे शाहजीराजे (१६८४-१७१२) यांनी मराठीत नाटके लिहिली, ती सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या १८४३च्या 'सीता स्वयंवरा'च्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी! मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगलीबरोबर तंजावरचेही नाव घ्यायलाच हवे. मराठी कीर्तनाची ओवी, साकी आणि दिंडी तमिळ हरिकथेत रुजली, तीही याच मातीत.

खरेदीला निघताना घाई नको. तंजावरी चित्रात लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप देऊन, दागिन्यांचे उठाव घडवून त्यावर सोन्याचा वर्ख बसवलेला असतो. स्वस्त चित्रांत सोन्याऐवजी नकली पत्रा असतो, म्हणून आधी स्पष्ट विचारावे आणि मगच भाव करावा. मान डोलावणाऱ्या बाहुल्या लहान मुलांना हमखास आवडतात.

पण खरे पाहण्यासारखे काम वीणेचे. फणसाच्या लाकडातून भोपळा आणि दांडी कोरतात. एकाच ओंडक्यातून घडवलेल्या वीणेला विशेष मान. मग दांडीवर मेणाचा थर देऊन त्यात २४ पडदे बसवायचे. तार छेडायची, कान द्यायचा, पडदा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. इथे मोजपट्टीपेक्षा कारागिराच्या कानावर भरवसा असतो. वीणा विकत घेणे प्रत्येकाला जमणार नाही, पण ही मेहनत पाहिल्यावर किमतीत घासाघीस करावीशी वाटत नाही.

खाण्याचा विषय निघाला की सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, ही कथा ऐकायला मिळतेच. ती कथा म्हणूनच ऐकावी. केळीच्या पानावरचे जेवण, वांग्याची रसवांगी आणि पितळी पेल्यातली ताज्या दुधाची फिल्टर कॉफी मात्र चुकवू नये. एक संध्याकाळ जवळच्या तिरुवैयारूसाठी राखावी. तिथे कावेरीकाठी संतसंगीतकार त्यागराजांची समाधी आहे, आणि मूगडाळ, कणीक, साखर व भरपूर तुपाचा अशोका हलवा ही त्या गावाची ओळख. जानेवारीच्या सुमारास, पौष वद्य पंचमीला, तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या कृती गातात.

तिरुचिरापल्लीचा विमानतळ सुमारे ६० किलोमीटरवर आहे, रेल्वेही सोयीची. दोन दिवस मुक्काम करावा. आणि एक विनंती : तंजावरच्या मराठी राज्याचे कितीतरी कागद मोडी लिपीत आहेत आणि ते वाचणारे थोडेच आहेत. घरातल्या एखाद्या तरुणाला इतिहासाची गोडी असेल, तर त्याला मोडी जरूर शिकवा. तंजावरची उरलेली गोष्ट सांगायला अशीच माणसे लागणार आहेत.