एका नावाचे दोन अशोक

आपल्या भागात शाळेच्या, बँकेच्या किंवा नव्या घराच्या कुंपणालगत उंच, सरळसोट, खाली झुकलेल्या पानांची झाडे ओळीने उभी दिसतात. मराठीत आपण त्यांना अशोक म्हणतो. कन्नडमध्येही पुष्कळजण तेच म्हणतात, पण त्या भाषेत 'कंबद मर' म्हणजे खांबाचे झाड असे एक नेमके नावही आहे. मला तेच जास्त पटते, कारण हा अशोक नव्हेच.

हे झाड सीताफळाच्या कुळातले. पूर्वी त्याला पॉलिअल्थिया लाँगिफोलिया म्हणत. २०१२ पासून मोनून लाँगिफोलियम म्हणतात. फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी. बहर येऊन गेलेला कळतही नाही. फळांवर वटवाघळे तुटून पडतात आणि सकाळी अंगणात बियांचा सडा!

खरा अशोक म्हणजे सीताअशोक, सराका असोका. तो चिंचेच्या कुळातला, म्हणून त्याला शेंगा येतात. कोवळी पालवी तांबूस, मलूल लोंबणारी. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जुन्या खोडावरसुद्धा केशरी गुच्छ फुटतात आणि पुढे लाल होत जातात. गंमत अशी की, या फुलाला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतात ती निदले. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त सुंदरीच्या पायाच्या स्पर्शाने फुलणारा अशोक तो हाच.

त्याचे मूळ घर पश्चिम घाटातले सदाहरित रान, ओढ्याकाठची ओलसर सावली. तिथेच तो विरळ होत चालला आहे. जंगले तुटली हे एक कारण. दुसरे त्याची साल. स्त्रियांच्या विकारांवरील अशोकारिष्टात ती मुख्य घटक. खोडाभोवतीची साल पुरती सोलली की झाड वाळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून केली. कंबद मर मात्र जागोजागी लावले जाते.

खरी साल मिळेनाशी झाली, तशी बाजारात या खांबाच्या झाडाची सालही अशोक म्हणून खपू लागली. घरात लेकी-सुनांसाठी आवारातल्या 'अशोका'ची साल उकळणाऱ्या आजीबाईंना हे कोणीतरी सांगायला हवे. झाड वेगळे, कूळ वेगळे. मग गुण एकच कसा येणार?

रोप घेताना पान पाहा. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या असतील तर तो सीताअशोक. सुटे, लांबट, नागमोडी कडेचे पान असेल तर दुसरा. सीताअशोक परसात विहिरीजवळ, सावलीत लावावा आणि पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.