ऊब सगळ्यांना सारखी, घाई ज्याची त्याची

कोंबडीला अंकगणित येत नाही, हे बदकपालकांचं नशीब. खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली बदकाची अंडी सरकवली, तरी ती एकविसाव्या दिवशी उठून जात नाही. अठ्ठावीस दिवस तशीच बसून राहते. तिच्या पोटाच्या उघड्या कातडीला अंड्यांचा स्पर्श होत राहतो, तोवर रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक टिकून राहतं, आणि ते टिकून आहे तोवर तिचा मुक्काम हलत नाही. खाकी कॅम्पबेलसारखी केवळ अंड्यांसाठी निवडत आणलेली बदकं स्वतः उबवायला बसायचं जवळपास विसरलीच आहेत. त्यामुळे आपल्या देशात परसातल्या बदकांच्या कित्येक पिढ्या कोंबडीच्या पोटाखालून निघाल्या.

आता हे काम यंत्राकडे आलं आहे. पन्नास-शंभर अंड्यांची छोटी इन्क्युबेटर पेटी घेणाऱ्याच्या दारात गावरान कोंबड्यांबरोबर चार बदकं, एखादी टर्कीची जोडी आणि बटेर असं सगळं गोकुळ असतं. पेटी अर्धी रिकामी चालवणं जिवावर येतं. वीज तेवढीच जळते. मग प्रश्न पडतो, सगळ्यांची अंडी एकदमच ठेवली तर?

तापमानापुरतं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं सोपं आहे. बटेराचं अंडं १०-१२ ग्रॅमचं, हंसाचं दीडशे ग्रॅमच्या घरात. तरीही पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास दोघांचंही भागतं. शहामृग आणि इमू थोडी कमी ऊब मागतात, पण ते परसात कोण पाळतो? पंखा नसलेल्या थर्मोकोलच्या पेटीत मात्र गोम आहे. तिथे गरम हवा वर आणि गार हवा खाली असे थर साचतात. आडवं ठेवलेलं बटेराचं अंडं जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच, हंसाचं त्याच्या दुप्पट. म्हणजे एकाच पेटीत दोघं वेगवेगळ्या हवामानात राहतात. जाणकार मंडळी लहान अंड्यांखाली जाळी देऊन ती वर उचलतात आणि सगळ्यांचे माथे एका पातळीत आणतात.

दिवसांचं गणितही जमवता येतं. बटेराला १७-१८ दिवस, कोंबडीला २१, बदक आणि टर्कीला २८, गिनी फाउलला २६ ते २८, आणि मस्कोव्ही जातीच्या बदकाला तब्बल ३५. शेवट एका दिवशी यायला हवा असेल, तर सुरुवात मागे-पुढे करायची. बदक-टर्कीची अंडी ठेवून आठवडा झाला की कोंबडीची, आणि दहा-अकरा दिवसांनी बटेराची. मस्कोव्ही असेल तर तिला सगळ्यांच्या आधी एक आठवडा.

खरी गंमत पाण्याची आहे. उबवताना अंडं सतत वाळत असतं, आणि ते वाळायलाच हवं. कोंबडीच्या कवचाला साधारण दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. अमेरिकेतल्या बफेलो इथे हर्मन रान, अमोस आर आणि चार्ल्स पॅगॅनेली या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या छिद्रांचा हिशेब मांडला. ६० ग्रॅमचं अंडं एकवीस दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकतं. या ११ लिटर वाफेचं वजन साधारण ९ ग्रॅम, म्हणजे अंड्याच्या मूळ वजनाच्या १५ टक्के. नाना जातींची अंडी तपासली तेव्हा आकडा त्याच्याच आसपास फिरताना दिसला. ज्याला जास्त दिवस बसायचं, त्याच्या कवचातून वजनाच्या मानाने रोज कमी पाणी झिरपतं. बदकाचं अंडं २८ दिवसांत जेवढा वाटा गमावतं, जवळपास तेवढाच कोंबडीचं २१ दिवसांत.

एका पेटीत निरनिराळ्या जातींची अंडी मुळात निभावून जातात ती यामुळे. त्यांच्या वेळापत्रकांतला फरक प्रत्येक कवचाने आपल्या छिद्रांतच सामावून घेतलेला असतो. पाण्याकाठच्या ओलसर घरट्यांना सरावलेल्या बदक-हंसांना जरा जास्त दमट हवा मानवते, एवढाच काय तो अपवाद. पहिले दोन आठवडे ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत सगळे सुखाने नांदतात.

ही आर्द्रता राखायची कशी, हे मात्र गावावर ठरतं. रत्नागिरीच्या जुलैत बाहेरची हवा २७ अंशांची आणि ९० टक्के दमट असते. तीच पेटीत जाऊन साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप पन्नासवर येते. पाण्याची वाटी ठेवायची गरजच नाही. बीडच्या एप्रिलमध्ये दोन वाट्याही पुरत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवातला वाटीचा नियम आपल्याकडे उचलू नये. स्वयंपाकघरातला वजनकाटा अधिक खरं सांगतो. कोंबडीचं ५५ ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४८-४९ ग्रॅमवर आलं, की पेटी ठीक चालली आहे.

दिवा लावून पाहिलं तरी तेच दिसतं. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाशी टॉर्च धरला की आत हवेची पोकळी चंद्रकोरीसारखी उजळते. सातव्या दिवशी तिच्याखाली लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे डोळा. बटेराच्या ठिपकेदार कवचातून मात्र यातलं फारसं काही दिसत नाही. अंडं वाळेल तशी ही पोकळी वाढत जाते, आणि अठराव्या दिवशी कोंबडीच्या अंड्याचा चौथा-पाचवा हिस्सा व्यापते. पिल्लू एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी आतला पडदा फोडून पहिला श्वास घेतं, तो या पोकळीतूनच.

आणि घोळ होतो तो नेमका इथे. शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवणं थांबवून आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची असते. नाहीतर कवच टोचल्यावर पडदा वाळून पिल्लाला आवळतो. आता समजा, कुणी सगळी अंडी एकाच दिवशी ठेवली. सतराव्या दिवशी बटेर निघायच्या बेतात असतात. त्यांच्यासाठी पेटी दमट केली की शेजारच्या बदकाच्या अंड्याचं वाळणं मंदावतं. पुढे तीन-चार दिवसांत कोंबडीसाठी पुन्हा तेच. बदकाची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतल्या आत गुदमरतं. पेटी कोरडी ठेवली तर बटेर अडकतात. त्यात आधी निघालेली पिल्लं काढायला झाकण उघडलं की दमटपणा क्षणात उडून जातो.

शिवाय वाढलेला गर्भ स्वतः उष्णता सोडतो. मोठ्या हॅचरींच्या काही यंत्रांत उशिराच्या अंड्यांची ही उष्णता नव्या अंड्यांसाठी मुद्दाम वापरतात. छोट्या पेटीत तीच गच्च भरलेल्या जागी साचते. गार पडलेली अंडी सावरतात, त्यामुळे तासाभराच्या लोडशेडिंगला घाबरू नये. पण ४० अंशांपलीकडची ऊब गर्भाला सोसत नाही.

अंड्यांचं आपसात बोलणंही असतं. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवलं की एकमेकांना टेकलेल्या बटेराच्या अंड्यांतली पिल्लं श्वासाबरोबर टिकटिक असा आवाज करतात. तो ऐकून मागे पडलेली घाई करतात, आणि सगळी थोड्या वेळाच्या अंतराने बाहेर येतात. अंडी दूर ठेवली की हा मेळ विस्कटतो. गिल्बर्ट गॉटलीब यांच्या प्रयोगांत तर अंड्यातच आवाज बंद केलेली, एकटी ठेवलेली बदकपिल्लं आपल्या जातीच्या आईची हाक आणि कोंबडीची हाक यांत फरक करेनाशी झाली. म्हणून ट्रेमध्ये अंड्यांची सरमिसळ करू नये. प्रत्येक जात आपापल्या जातीला चिकटून राहू द्यावी.

माझं मत विचाराल, तर पहिली पेटी एकत्र चालवायला हरकत नाही, पण उबवणीचे शेवटचे तीन दिवस दुसऱ्या पेटीत जावेत. साधी, अंडी न फिरवणारी, स्वस्तातली चालेल. पिल्लांचा लव-कचरा तिथेच राहतो आणि त्यातून पसरणारे साल्मोनेलासारखे जंतू मागे उरलेल्या अंड्यांपर्यंत जात नाहीत. पुढे पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरमध्येही एकी टिकत नाहीच. बदकाचं पिल्लू पहिल्याच तासात पाणी सांडून सगळं अंथरूण ओलं करतं, आणि भिजलेलं कोंबडीचं पिल्लू गारठतं. टर्कीला कोंबड्यांच्या जमिनीवर सोडलं, तर कोंबडीच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांमधून येणारा ब्लॅकहेड हा रोग तिला गाठतो. कोंबडी स्वतः त्यातून बहुधा निभावते, टर्की मरते. बटेराचं पिल्लू तर जेमतेम सात-आठ ग्रॅमचं. ते बदकाच्या पायाखाली चिरडतं, आणि स्वतःच्या वेगळ्या खोक्यातही पाण्याच्या उथळ ताटलीत बुडून मरतं. म्हणून त्या ताटलीत पहिला आठवडाभर काचेच्या गोट्या भरून ठेवतात.