शिजवलेल्या भगरीत काय वाढते?

फेब्रुवारी २०२४ मधील एका रात्री बीबी येथील ग्रामीण रुग्णालयाबाहेर झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना उलट्या-जुलाबाचा त्रास सुरू झाला होता.

अन्नातून होणाऱ्या विषबाधेमागे अनेकदा जिवाणू असतात. जिवाणू एकपेशीय, बहुतेकांना पेशीभित्तिका असते, केंद्रक मात्र कोणालाच नसते. कोमट, ओलसर अन्नात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे सात तासांत वीस लाखांहून अधिक!

तपासणीसाठी प्रयोगशाळेत अन्नाचा नमुना अगारच्या पोषक थरावर पसरून सुमारे ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. साधारण दिवसभरात त्यावर ठिपके, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती दिसू लागतात. ग्रॅम पद्धतीने रंगवल्यावर जांभळे दिसतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. जिवाणू ओळखण्याची ही पहिली पायरी.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूने अन्नात सोडलेले विष ते अन्न पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून उपवासाची भगर लागेल तेवढीच शिजवावी, गरम असतानाच वाढावी आणि दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेली खाऊ नये.