२४ सशांचे झाले किती?

दोस्तांनो, ‘सशाची जोडी आणू या ना!’ असा हट्ट तुम्ही घरी केलाय? मग आधी ही हकीकत वाचा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाचे जमीनदार राहत. शिकारीच्या हौसेपायी त्यांनी १८५९ साली इंग्लंडहून २४ ससे मागवले. पुढच्या पन्नासेक वर्षांत ससे पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचले!

हे झालं कसं? सशाची मादी गाभण राहिल्यापासून ३०-३१ दिवसांत विते. एका वेताला साधारण ४ ते ८ पिल्लं. शिवाय नराशी मिलन झालं, की दहा-बारा तासांत तिच्या शरीरात बीजांडं सुटतात. त्यामुळे ती व्यायल्या दिवशीसुद्धा पुन्हा गाभण राहू शकते! समजा, ती वर्षात ६ वेळा व्यायली आणि दर वेळी ६ पिल्लं झाली, तर झाली ३६. त्यातच पहिल्या वेतातल्या मुली चार-सहा महिन्यांत स्वतः आई होतात. आता करा हिशोब!

पिल्लं जन्मतात ती मिटल्या डोळ्यांची, उघडीबोडकी. आई आपल्याच अंगाची लव उपटून त्यांना गादी करते. दूध मात्र दिवसातून एखाद्याच वेळी, जेमतेम तीन-चार मिनिटं पाजते आणि दूर जाते. शत्रूला माग लागू नये ना, म्हणून! ‘आईनं टाकलं’ असं समजून पिल्लं उचलू नका हं.

सशाला खाणारे पुष्कळ, म्हणून पिल्लंही पुष्कळ. ऑस्ट्रेलियात गवत भरपूर आणि शत्रू थोडे. मग काय! मेंढ्यांचा चारा संपला, बिल्बीसारख्या तिथल्या प्राण्यांची उपासमार झाली. १९०१ ते १९०७ या काळात पश्चिमेकडे कुंपणं घातली. त्यातलं एकच १८०० किलोमीटरहून लांब! पण काही ससे आधीच पलीकडे गेले होते. १९५० साली सशांमध्ये रोगाचा विषाणू सोडला. कोट्यवधी मेले, पण जे तगले, त्यांची पिल्लं त्या रोगाला पुरून उरली. ससे आजही तिथे आहेत.

म्हणून सांगतो, नर-मादी एका पिंजऱ्यात ठेवण्याआधी पिल्लांचं काय करणार ते ठरवा. जड झाले म्हणून माळावर तर मुळीच सोडू नका. आपल्याकडचा रानससा निराळा. तो बीळ खणत नाही आणि त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पिंजऱ्यातल्या सशाला माळावर कुत्री-मांजरं जगू देत नाहीत. आणि जगलाच, तर काय होतं ते तुम्ही आत्ताच वाचलंत!