घाबरलं म्हणून जखम उशिरा भरते का?

पाथर्डीकडच्या एक मावशी पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर. त्यांची जाऊ शेजारी बसून समजावत होती, "घाबरू नको गं, घाबरल्यावर टाके लवकर भरत नाहीत. हो ना ओ मॅडम?" मॅडम म्हणजे मी, हातात प्रश्नावली घेऊन उभी. मावशींचा चेहरा आणखी उतरला. आधी फक्त ऑपरेशनची भीती होती, आता घाबरण्याचीही भीती!

माझ्या पीएचडीचा विषय हाच असल्यामुळे जाऊबाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हटलं, आज तेच तपासायला घेऊ. संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांना यातून बरंच मिळेल.

आधी जखमेबद्दल. मारुचा आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा एक अमेरिकन प्रयोग आहे. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला, म्हणजे साधारण तीन दिवस. अकराच माणसं, पण रचना बघा: प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे. वय, आहार, शरीराची ठेवण असले फरक आपोआप बाजूला पडतात. नमुना लहान असताना ही युक्ती फार कामाला येते. कारण असं सांगतात की ताणात कॉर्टिसोल वाढतं आणि जखमेच्या सुरुवातीला जी दाहाची प्रक्रिया व्हायला हवी ती मंदावते.

म्हणजे जाऊबाई बरोबर? थांबा. परीक्षेचा ताण कित्येक दिवस चालतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची धडधड ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय 'बरं होणं' यात वेदना, चालायला लागणं, झोप, जखम, घरी जाणं असं बरंच काही येतं. आधीच्या भीतीचा संबंध सगळ्यात सातत्याने दिसतो तो नंतरच्या वेदनेशी. घाबरलेला माणूस पोटाचे स्नायू आवळून धरतो, श्वास वरवर घेतो, दुखेल म्हणून खोकत नाही, उठून चालत नाही. एवढं समजायला कॉर्टिसोलपर्यंत जायचीही गरज नाही.

इथे एक जुना अभ्यास मला फार आवडतो. १९६४, बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, एग्बर्ट नावाचे भूलतज्ज्ञ, पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट. त्यांतल्या ४६ जणांना आदल्या दिवशी भेटून नीट सांगितलं: कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस, स्नायू आवळल्यामुळे दुखतं, तर ते सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना ही माहिती दिली नाही. कोण कुठल्या गटात आहे हे सर्जनना ठाऊक नव्हतं, आणि सुट्टी कधी द्यायची हे ठरवणारे तेच. माहिती मिळालेल्यांना वेदनाशामक साधारण निम्मंच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले.

पण यातून 'भीती कमी झाली म्हणून लवकर बरे झाले' असं लिहू नका. व्हायवाला पहिला प्रश्न हाच येईल. माहिती, व्यायाम आणि डॉक्टरांनी आपुलकीने बोलणं ही तिन्ही एकाच वेळी दिली होती. मोजलं काय, तर औषध आणि सुट्टीचा दिवस. नक्की कशाचा उपयोग झाला हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पुढे २०१६ मध्ये कॉक्रेनने मानसिक तयारीवरचे १०५ प्रयोग एकत्र तपासले. मुक्काम साधारण अर्ध्या दिवसाने कमी होतो, वेदनाही कदाचित कमी होतात, पण पुराव्याचा दर्जा कमी, असा सावध निष्कर्ष निघाला. २.७ वरून अर्धा! जुन्या गाजलेल्या अभ्यासांचं असं बऱ्याचदा होतं.

आता सगळ्यात निसरडी जागा. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घेते. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना ससूनमध्ये आणलं. अपेंडिक्स. १२ तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं, मध्येच वीज गेली तर कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. संमतीच्या कागदावर सही करताना गांधीजींचा हात थरथरत होता. नंतर जखमेत गळू झालं, प्रकृती अपेक्षेपेक्षा हळू सुधारली आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं. समजा ही केस तुमच्या एक्सेल शीटमध्ये आली. 'हात थरथरतो: हो. बरं व्हायला उशीर: हो.' झाला की संबंध सिद्ध! पण तापाने, दुखण्याने आलेल्या अशक्तपणानेही हात थरथरतो, आणि आजार जितका वाढलेला तितका बरं व्हायला वेळ लागतो. म्हणजे दोन्हींच्या मागे आजारच असू शकतो. म्हणून आजाराची तीव्रता आणि ऑपरेशनआधीची वेदना दोन्ही नोंदवायलाच हवीत. नाहीतर आपण आजाराचं खापर पेशंटच्या मनावर फोडतो. जाऊबाईंनी नेमकं तेच केलं, तेही मायेनेच.

मुक्कामाचे दिवस हे मापही आपल्याकडे जपून वापरा. जन आरोग्य योजनेचे कागद अडकले, गावाकडची एसटी निघून गेली, अमावस्येला घरी न्यायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं, की पेशंट बरा असूनही वॉर्डातच राहतो. पहिल्यांदा आधाराशिवाय किती तासांनी चालला, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

आणि शब्द! भीती मोजायला १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेली सहा वाक्यांची एक पट्टी जगभर वापरतात. चार वाक्यं भीतीची, दोन माहिती हवी असण्याची. चाचपणीसाठी मी मराठीत विचारलं, "ऑपरेशनची काळजी वाटते का?" एक आजोबा म्हणाले, "पोरगा घेतोय की काळजी." 'चिंता' पुस्तकी वाटतं. 'टेन्शन' सगळ्यांना कळतं, पण त्यात भाऊबंदकी आणि बँकेचं कर्जही येतं. शेवटी "ऑपरेशनचा विचार सारखा मनात येतो का?" असं विचारल्यावर उत्तरं जुळायला लागली. तुम्ही भाषांतर कराल तेव्हा दुसऱ्याकडून उलटं भाषांतर करून घ्याच, पण त्याआधी दहा पेशंटना वाचून दाखवा. आणि नातेवाईक बाहेर गेल्यावर विचारा. दीर-सासूसमोर कोणी 'भीती वाटते' म्हणत नाही.

जाऊबाई चहाला गेल्यावर मी मावशींजवळ बसले. भूल, सुया, टाके, कशाबद्दल विचारलं तरी मान हलवून 'नाही'. मग हळूच म्हणाल्या, "दिवाळीनंतर कोयत्याला जायचंय. मुकादमाकडून उचल घेतलीय. डोक्यावर मोळी कधी घेता येईल?" हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं आणि माझ्या प्रश्नावलीतही त्यासाठी जागा नव्हती. संध्याकाळी राऊंडला आलेल्या सर्जनना मी मावशींच्या वतीने विचारलं. त्यांनी आठवडे सांगितले. मावशींनी ते बोटांवर मोजले, दोनदा.