छेद, दुर्बीण आणि रोबोट

भाषेच्या प्राध्यापकाने शस्त्रक्रियेविषयी लिहावे, हे काहींना अनुचित वाटेल. परंतु चार वर्षांपूर्वी माझ्या वडीलबंधूंच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली आणि ‘पोट उघडायचे की दुर्बिणीने करायचे’ यावर आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. त्या वादात आमचे जे अज्ञान उघडे पडले, ते दूर करण्यासाठी केलेल्या वाचनाचे हे फलित.

पद्धत कोणतीही असो, आत करावयाचे काम एकच असते. गाठ, तिच्या दोन्ही बाजूंचा निरोगी भाग, रक्तवाहिन्या आणि त्यांभोवतीच्या लसीकाग्रंथी एकसंध काढावयाच्या व आतड्याची उरलेली टोके जोडावयाची. निदान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे; रोग कितपत पसरला व पुढे केमोथेरपी हवी काय, हे बव्हंशी त्यांवरून ठरते. भेद आहे तो आत जाण्याच्या वाटेचा.

जुन्या पद्धतीत पोटावर लांब छेद घेतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून चार-पाच छिद्रांतून कॅमेरा व अवजारे घालतात. (‘दुर्बीण’ हा मूळचा फारसी शब्द, दूरचे पाहणारी, आता ती बेंबीपाशी शिरून जवळचे पाहते!) तरीही काढलेला भाग बाहेर आणण्यासाठी लहानसा छेद बहुधा घ्यावाच लागतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

मोठ्या आतड्यावर अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत मायामी येथे १९९० साली डॉ. मोझेस जेकब्स यांनी केली. लवकरच छिद्रांच्या जागीच कर्करोग पुन्हा उगवल्याची वृत्ते येऊ लागली आणि शल्यविशारद बिचकले. तेव्हा अमेरिकेत ४८ संस्थांतील ८७२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून दोन्ही पद्धती पडताळल्या गेल्या. चाचणीत येणाऱ्या शल्यविशारदाने अशा किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात व एकीचे काटछाट न केलेले चित्रीकरण सादर करावे, अशी अट होती. ही अट मला फार मोलाची वाटते.

२००४ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, छेदाच्या गटात १८; हयात रुग्ण अनुक्रमे ८६ व ८५ टक्के. जखमेच्या जागी रोग उगवण्याचे प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवस, परंतु शस्त्रक्रियेस ९५ ऐवजी १५० मिनिटे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र २०१८ साली नेमके उलट आढळले. तेथे लहान छिद्रांची पद्धत घातक ठरली. एका अवयवाचा न्याय दुसऱ्यास लावता येत नाही.

रोबोटविषयी थोडक्यात. शल्यविशारद दूर बसून यंत्राचे हात चालवितो. दृश्य त्रिमितीय असते, खर्च अधिक. गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या दुर्बिणीहून त्याचा निश्चित वरचढपणा सिद्ध झाला नाही.

वर सांगितलेल्या अमेरिकी चाचणीत दुर्बिणीने आरंभलेल्या २१ टक्के शस्त्रक्रियांत अखेर पोट उघडावे लागले होते. बंधूंच्या बाबतीतही तेच झाले. तरुणपणी फुटलेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांस चिकटली होती. अर्ध्या तासात डॉक्टरांनी दुर्बीण बाजूस ठेवली. बाहेर बसलेल्या आम्हांस तो पराभव वाटला. आठ दिवसांनी तपासणीचा अहवाल आला : ग्रंथी १९, रोग एकीतही नाही.